साथीच्या काळात आधाराचे फोन: यादीपासून निरोपापर्यंत

साथ आली की सोसायटीत, गल्लीत, गावात कुणीतरी उत्साहाने व्हॉट्सअॅप ग्रुप काढतं. पहिले आठ दिवस प्राणायामाचे व्हिडिओ आणि ‘सकारात्मक राहा’चे संदेश फिरतात, पंधरा दिवसांनी उरतं ते गुड मॉर्निंग. २०२०-२१मध्ये हे जागोजागी झालं. ज्या बाईचं धुण्याभांड्याचं काम सुटलं होतं, ज्या वॉचमनची बायको गावी अडकली होती, ज्या आजोबांना बटणाचाच फोन वापरता येत होता, त्यांच्यातलं त्या ग्रुपवर कुणीच नव्हतं.

गडबड क्रमात होते. ग्रुप आधी निघतो, यादी कधी होतच नाही. त्यामुळे आधार पोहोचतो तो ज्यांना तो आधीच थोडाफार आहे त्यांच्यापर्यंत. पुढचे टप्पे पन्नास ते तीनशे घरांच्या वस्तीसाठी, सोसायटीसाठी किंवा वाडीसाठी आहेत. हे उपचार नाहीत. शेजाऱ्याने शेजाऱ्याला करायचे फोन आहेत, पण नीट करायचे.

१. माणसं आणि तयारी

चार ते सहा जण पुरेत. त्यात निम्म्या तरी बायका हव्यात आणि किमान एक माणूस वस्तीच्या ‘त्या’ बाजूचा हवा: भाडेकरू, घरकामगार, दुसऱ्या जातीधर्माचा. कमिटीचे अध्यक्ष-सेक्रेटरी फोन करणाऱ्यांत शक्यतो नकोत. ज्याच्याकडे मेंटेनन्स थकला आहे त्याच्यापाशी कुणी रात्री झोप येत नसल्याचं बोलत नाही. ज्यांना उपदेशाची सवय आहे त्यांना सामान पोहोचवण्याचं काम द्या. तेही काम महत्त्वाचं आहे, आणि तिथे उपदेश कमी लागतो.

प्रत्येकाकडे एक साधी वही. फोनमध्ये एक्सेल शीट करू नका, कारण ती फॉरवर्ड होते. वहीत पूर्ण नावाऐवजी आद्याक्षर आणि घराची खूण लिहा.

वहीच्या पहिल्या पानावर हे नंबर लिहा:

टेलिमानस १४४१६, मानसिक त्रासासाठी, मोफत, चोवीस तास, मराठीतही.
आणीबाणी ११२.
महिलांसाठी १८१.
मुलांसाठी १०९८.
ज्येष्ठांसाठी १४५६७.
मोफत कायदेशीर मदत १५१००.
व्यसनमुक्ती १४४४६.

त्याखाली जवळच्या सरकारी दवाखान्याचा, आशाताईंचा आणि पोलीस चौकीचा नंबर.

तपासा: यातला प्रत्येक नंबर दुसऱ्याला देण्याआधी स्वतः एकदा लावून पाहा. भाषा निवडायला काय दाबावं लागतं, किती वेळ थांबावं लागतं, हे माहीत असेल तरच घाबरलेल्या माणसाला सांगता येतं. साथीत नंबर बंद पडतात, बदलतात. दर पंधरा दिवसांनी पुन्हा लावा.

२. यादी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन दिवस गेले तरी चालतील.

सोसायटीची सभासद यादी किंवा ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी हातात घ्या आणि मग ती यादी कुणाला धरत नाही ते शोधा. सभासद यादीत मालकाचं नाव असतं, भाडेकरूचं नसतं. पीजीत राहणाऱ्या पोरी नसतात, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्या नसतात, जिन्याखाली राहणारं वॉचमनचं कुटुंब नसतं. रोज वीस घरांत राबणाऱ्या बायका त्या यादीत एकदाही येत नाहीत. दारं बंद झाली की त्यांचं उत्पन्न पहिल्याच दिवशी थांबतं.

ही माणसं सापडतात किराणा दुकानदाराकडे (उधारी कुणाची वाढली?), दूधवाल्याकडे (दूध कुणी बंद केलं?), अंगणवाडीताईंकडे, आशाताईंकडे, मेडिकलवाल्याकडे. कुणाला काय आजार आहे ते त्यांना विचारू नका. ‘कुणाच्या घरी एकदा विचारपूस व्हायला हवी?’ एवढंच विचारा.

प्रत्येक घरापुढे चार खुणांची जागा ठेवा: कमाई थांबली का; घरात एकटं कोण; स्वतःचा फोन कुणाकडे नाही; कुणाचं औषध चालू आहे. तिसरी खूण बहुतेक जण सोडून देतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१च्या काळात, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका देशभरात सुमारे ५४ टक्के होत्या. ‘घरात फोन आहे’ आणि ‘तिच्याकडे फोन आहे’ यांत इतकं अंतर आहे.

मुद्दाम आठवून लिहायची आणखी काही घरं: ऐकू न येणारी माणसं (त्यांना फोन नको, मेसेज किंवा दारावर चिठ्ठी), घरच्यांनी तोडलेले तृतीयपंथी, ज्यांच्या कागदावर एक नाव आणि बोलण्यात दुसरं असतं (बोलण्यातलं वापरा), एकटे राहणारे विद्यार्थी, नुकतंच बाळंतपण झालेल्या बायका. आणि स्वतः आशाताई. गावभर विचारपूस करणाऱ्या बाईची विचारपूस कुणी करत नाही.

तपासा: यादीतल्या सगळ्यांना फ्लॅट नंबर असेल, तर यादी चुकली आहे. पुन्हा करा.

३. पहिल्या दिवशी कुणाला

वरून खाली फोन करत जाऊ नका. दोन किंवा जास्त खुणा असलेली घरं आधी घ्या. ग्रुपवर सगळ्यात जास्त बोलणाऱ्याला आपोआप पहिला फोन जातो, तो टाळा. बोलू शकतो म्हणजे त्याला वाट सापडलेली आहे.

एका माणसाने दिवसाला पाच-सहाच फोन करावेत. दहावा फोन करणारा ऐकत नाही, उरकतो.

४. पोटाचं, पगाराचं आणि औषधाचं आधी

ज्या घरात उद्याच्या पिठाची चिंता आहे तिथे ‘मन मोकळं करा’ म्हणणं उद्धटपणा आहे. म्हणून मनाचा फोन करण्याआधी तीन गोष्टींची सोय हाताशी ठेवा.

पगार. सोसायटी घरकामगारांना आत येऊ देत नसेल, तर त्या महिन्याचा पगार द्यायचा की नाही हे प्रत्येक घरावर सोडू नका. सोडलं की अर्धी घरं देतात, अर्धी ‘काम केलं नाही ना’ म्हणतात, आणि बाई कुणाकडेच मागत नाही. सभेत एक ठराव करा, रक्कम आणि तारीख ठरवा. याचा मानसिक आरोग्याशी काय संबंध, असं विचारणारं कुणी निघतंच. थेट संबंध आहे, ज्याचा पगार चालू आहे त्याला तो दिसत नाही, इतकंच.

रेशन. कुणाकडे कार्ड नाही, कुणाचं गावच्या पत्त्यावर आहे, याची नोंद ठेवा आणि कोरडा शिधा रांग न लावता घरी पोहोचवा. देताना फोटो काढू नका. एका फोटोने कित्येक घरं पुन्हा मदत मागायची बंद होतात.

औषध. नैराश्य, फिट्स, स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांच्या गोळ्या अचानक बंद झाल्या तर त्रास उलटतो. ज्यांची औषधं चालू आहेत त्यांची चिठ्ठी संपण्याच्या किमान दहा दिवस आधी सोय बघा. मार्च २०२०मध्ये टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना आल्यापासून डॉक्टर फोनवरून किंवा व्हिडिओवरून बरीच औषधं लिहून देऊ शकतात. झोपेच्या आणि शांत करणाऱ्या काही गोळ्यांना मात्र निर्बंध आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे आधी लक्ष द्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. सध्याची चिठ्ठी जवळ असली की काम सोपं होतं, म्हणून फोटो काढून ठेवायला सांगा.

सावध: दारूची दुकानं बंद झाली की शेजारपाजार खूश होतो. रोज भरपूर पिणाऱ्याचं शरीर मात्र अचानक बंद झालेली दारू सोसत नाही. सहा ते चोवीस तासांत हातापायांना थरथर, घाम, उलट्या. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होणं, माणसं न ओळखणं. ही ‘नाटकं’ नाहीत, यात जीव जातो. थेट रुग्णालयात न्या. एप्रिल २०२१मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळाली नाही म्हणून सॅनिटायझर पिऊन माणसं दगावली होती. अशा घरी बाईचा मार खाण्याचा धोकाही त्याच दिवसांत वाढतो. सहावा टप्पा तिथे आधीच लक्षात ठेवा.

५. पहिला फोन

वेळ: सकाळी अकरा ते एक किंवा संध्याकाळी पाच-सहा. जेवणाच्या वेळी आणि रात्री नऊनंतर नको. लॉकडाउनमध्ये बायकांची दुपार मोकळी असते हा पुरुषांचा समज आहे; सगळे घरात असले की स्वयंपाकघर दुपारीही चालू असतं. म्हणून आधी विचारा, ‘आत्ता बोलता येईल का, की नंतर करू?’

सुरुवात स्वतःच्या ओळखीने आणि नंबर कुठून मिळाला ते सांगून करा. हे सांगितलं नाही तर माणूस पूर्ण वेळ तोच विचार करत राहतो.

‘काकू, मी मागच्या गल्लीतली, अंगणवाडीशेजारची सुनीता. नंबर आशाताईंनी दिला. आम्ही चारपाच जण सगळ्यांची विचारपूस करतोय. दहा मिनिटं बोलू का?’

पुढे ‘सगळं ठीक ना?’ असं विचारू नका. त्याला मराठीत एकच उत्तर आहे: ‘हो, ठीक.’ ज्याला तपशिलात उत्तर द्यावं लागेल असं विचारा. काल रात्री झोप किती वाजता लागली? आज काय जेवलात? दिवसभर सोबत कोण असतं? शेवटचं बोलणं कुणाशी झालं?

माणसं ‘मला नैराश्य आलंय’ म्हणत नाहीत. ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं बधिर झालंय’, ‘कशातच लक्ष नाही’, ‘उगाच भरून येतं’, ‘छातीत धडधडतं’ असं म्हणतात. पुरुष बऱ्याचदा तेही म्हणत नाहीत, चिडतात किंवा पोटाची तक्रार सांगतात. असं ऐकलं की दोन प्रश्न विचारा: गेले दोन आठवडे बहुतेक दिवस उदास वाटतंय का? आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही गोडी वाटेनाशी झाली आहे का? दोन्हींपैकी एकालाही ‘हो’ आलं, तर टेलिमानसचा नंबर द्या. नुसता देऊ नका, ‘मी लाईनवर थांबते, आपण मिळून लावू’ म्हणा. नुसता दिलेला नंबर वहीतच राहतो.

मग ऐका. मध्ये तीनचार सेकंदांची शांतता आली तर ती भरू नका.

ही वाक्यं टाळा: ‘तुमच्यापेक्षा वाईट हाल असलेले आहेत.’ ‘देवावर विश्वास ठेवा.’ (तो त्यांनी म्हटला तर ठीक, तुम्ही सुचवू नका.) ‘मन घट्ट करा.’ ‘माझ्या मावशीलाही झालं होतं, चार दिवसांत बरी झाली.’ आणि ‘मी समजू शकतो.’ पगार चालू असलेल्या माणसाने हे रिक्षावाल्याला म्हणू नये.

फोन ठेवण्याआधी पुढच्या फोनचा दिवस सांगा, आणि त्या दिवशी करा. न केलेला ठरलेला फोन हा फोन न करण्यापेक्षा वाईट असतो.

तपासा: ठेवल्यावर वहीत तीन ओळी लिहा. काय लागतं, कुणाला सांगायचं, पुन्हा कधी. लिहिताना कुणाचा राग, कुणाचं गुपित, घरातलं भांडण यातलं काही लिहू नका.

६. घरात कुणी ऐकत असेल तर

‘घरी राहा, सुरक्षित राहा’ हे वाक्य प्रत्येक घराला लागू नव्हतं. मारहाण करणाऱ्याबरोबर कोंडलेल्या बाईला फोन करायलाही कोपरा मिळेना, म्हणून एप्रिल २०२०मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाला तक्रारीसाठी व्हॉट्सअॅप क्रमांक सुरू करावा लागला.

अशा घरी फोन करताना:

पहिल्यांदा रेशनचंच बोला. फोन स्पीकरवर असू शकतो हे धरून चाला. मग हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा: ‘बाजूला कुणी आहे का? मी उद्या परत करू का?’ बोलता येत असेल तर एक साधा शब्द ठरवून घ्या. ‘साखर हवी होती’ म्हटलं की ११२ला फोन करायचा, असं. शब्द रोजचाच हवा, विचित्र वाटेल असा नको.

काही लेखी पाठवू नका. ती मेसेज पुसेल असं धरू नका. फोन तिच्या हातात असेल याचीच खात्री नसते.

सावध: नवऱ्याला किंवा सासूला ‘समजावून सांगायला’ फोन करू नका. शेजारच्या मोठ्या माणसाने मध्यस्थी करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि ती इथे घातक ठरते. फोन ठेवल्यावर त्या मध्यस्थीची किंमत तीच चुकवते. ‘तू बाहेर पड’ हेही तुम्ही ठरवू नका. तिला पर्याय सांगा: १८१, जिल्ह्यातलं सखी केंद्र (हिंसा सोसणाऱ्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणारं सरकारी केंद्र) आणि संरक्षण अधिकारी (याच कामासाठी नेमलेला सरकारी अधिकारी). २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षणाचा आदेश आणि त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो, त्यासाठी आधी पोलीस केस करावी लागत नाही. कागदपत्रांच्या झेरॉक्स आणि थोडे पैसे विश्वासाच्या एका घरी ठेवायचे का, एवढं विचारा. आत्ता मारहाण चालू असेल तर मात्र विचारत बसू नका, ११२ लावा.

मुलाला मारहाण होते आहे किंवा त्याच्याशी कुणी वाईट वागतं आहे असं वाटलं, तर १०९८.

७. जगणं नको वाटतं असं कुणी म्हटलं तर

बहुतेक जण इथे घाबरून विषय बदलतात. ‘असं बोलू नये’ म्हणतात आणि माणूस गप्प होतो.

सरळ विचारा: ‘आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटल्यासारखा बोलतो. उत्तर ‘हो’ आलं, तर पुढचे प्रश्न: काही ठरवलं आहे का? कधी? ते करण्याचं साधन घरात आहे का?

ठरवलेलं असेल तर फोन ठेवू नका. दुसऱ्या फोनवरून सोबत्याला कळवा, त्याने ११२ किंवा १४४१६ लावावा आणि कुणीतरी प्रत्यक्ष त्या घरी पोहोचावं. साथीचा काळ असला तरी पोहोचावं, मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून. कीटकनाशकं आणि साठवलेल्या गोळ्या घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात, कुलपात किंवा शेजारी हलवा. शेतकरी घरात ही एक गोष्ट जीव वाचवते, कारण तीव्र लाट बऱ्याचदा काही तासांत ओसरते.

‘हे कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुम्हाला जिवंत ठेवायला ज्यांची गरज आहे तेवढ्यांनाच सांगेन’ असं म्हणा.

पोलीस केस होईल या भीतीने घरचे दवाखान्यात नेत नाहीत. त्यांना स्पष्ट सांगा की २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५वं कलम असा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असल्याचं मानतं आणि शिक्षेपासून वाचवतं.

८. आजारी घर, आणि मृत्यू

२०२०मध्ये हातावर क्वारंटाइनचा शिक्का, इमारतीला पत्रे आणि ग्रुपवर पॉझिटिव्हांच्या नावांची यादी असे तीन घाव एकदम बसले. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या हातात नसतात, तिसरी असते. ग्रुपवर कुणाच्याही आजाराचं नाव फिरलं की अॅडमिनने ते लगेच काढावं. घराला काय हवं ते एकाच माणसाने विचारावं, दहांनी नको.

मृत्यू झाला की पहिले तेरा दिवस रोज एक फोन, मग आठवड्याला एक, किमान तीन महिने. चेहरा पाहता आला नाही, अस्थी कुणी आणल्या माहीत नाही, दहाव्याला चार माणसं नव्हती, याचं ओझं महिनोन्‌महिने राहतं. घरच्यांनी हवं म्हटलं तर निर्बंध उठल्यावर एक छोटी आठवणीची बैठक घ्या. तोवर त्या माणसाबद्दल बोला, नाव घेऊन. नाव टाळलं की घर आणखी एकटं पडतं.

विधवा झालेल्या बाईसाठी फोनइतकीच कागदांची मदत करा: मृत्यूचा दाखला, तपासणीचा रिपोर्ट, रुग्णालयाची बिलं, बँक पासबुक, विमा. कोविडमध्ये मृतांच्या वारसांना ५०,००० रुपयांची मदत २०२१च्या अखेरीस ठरली, तेव्हा कित्येक घरांत रिपोर्टच उरलेला नव्हता. नवऱ्याच्या मालमत्तेतल्या हक्काबद्दल तिला १५१००वर स्वतः बोलू द्या, दिराच्या तोंडून नको. सोडपत्रावर (मालमत्तेतला हक्क सोडल्याच्या कागदावर) पहिल्या काही महिन्यांत सही करू नये, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हे तिच्यावर लादलं जात असेल, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये या प्रथा बंद करण्यासाठी केलेला ठराव दाखवा. त्यानंतर राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं.

९. फोन करणारे, आणि थांबणं

आठवड्यातून एकदा अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बोला, नावं न घेता: कुठला फोन जड गेला, कुठे अडलो. कुणाला सलग तीन-चार दिवस झोप लागत नसेल, तर त्याचे फोन दुसऱ्याने घ्यावेत. गटातल्या बायकाच सगळे फोन करतायत आणि पुरुष नुसते ‘समन्वय’ करतायत असं दिसलं, तर वाटणी बदला. ते दिसतंच, फक्त वेळेवर पाहावं लागतं.

साथ ओसरली की फोन एकदम बंद करू नका. एकट्या ज्येष्ठांना आणि घरात मृत्यू झालेल्यांना दोन आठवडे आधी सांगा: आता फोन पंधरा दिवसांनी येईल, मग महिन्याने, आणि मधे काही वाटलं तर हा नंबर.

शेवटी वह्या गोळा करा. वैयक्तिक नोंदी असलेली पानं फाडून जाळा. खुणांशिवायची पत्त्यांची यादी आणि तपासलेले नंबर मात्र आशाताईंकडे आणि गटातल्या एकाकडे ठेवा, आणि दरवर्षी जूनमध्ये, भाडेकरू बदलले की, ती नव्याने करा.